सोनेरी अक्षरं आणि चपटी सुई

गोव्यात कुणाच्या घरी जुनं शिलाई मशीन दिसलं आणि "कोणतं हो हे?" असं विचारलं, की उत्तर बहुधा एकच येतं: सिंगर. मशीन जर्मन पफ असो, कलकत्त्याचं उषा असो, नाहीतर नावाचा मागमूस नसलेलं कुठलं तरी जपानी असो, घरच्यांसाठी ते सिंगरच. यात खोटेपणा कुणाचाच नसतो. आजीने 'सिंगर'वर परकर-पोलकी शिवलेली असतात, आईने उशांचे अभ्रे शिवलेले असतात, आणि मधल्या काळात अंगावरची सोनेरी अक्षरं हाताच्या घामाने, तेलाने आणि आपल्या पावसाळी हवेने कधीच उडून गेलेली असतात. काळं लोखंड आणि घराण्याचा दावा एवढं मागे राहतं.

माझं या दाव्याशी भांडण नाही. पण माझ्याकडे येणारी माणसं मशीनचा इतिहास विचारायला येत नाहीत, त्यांना सुई हवी असते. "मशीन अगदी बरं आहे, सुई तेवढी मिळत नाही." सुई हवी तर मशीन खरोखर कोणतं आहे ते कळावं लागतं, आणि तिथे आजीचा शब्द चालत नाही. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या अंगाला एक शिलाई-सामानाचं दुकान आहे. तिथल्या काकांना तुम्ही सिंगर म्हणा की आणखी काही, ते वर न बघता एवढंच विचारतात: "चपटी की गोल?" निम्मी गिऱ्हाइकं या प्रश्नावर गप्प होतात.

माझे वडील फोंड्याला शिंपीकाम करायचे, त्यामुळे मला हा प्रश्न लहानपणीच कळला. पुढे मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता शेजारपाजारच्या मशीनांत डोकं घालत बसते. दुरुस्ती करते असं म्हणवत नाही. ओळखते, साफ करते, सुई बसवून देते.

आपल्याकडे मशीनांची एवढी सरमिसळ कशी झाली, त्याला गोव्याचा इतिहास कारण आहे. १९६१ पर्यंत इथला व्यापार पोर्तुगीज कायद्याने चालायचा. १९५५च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली तेव्हा शेजारून येणारा माल आटला आणि बोटींनी लांबचा माल उतरू लागला. हॉलंडचे बटाटे आणि जपानचं सिमेंट गोव्यात आलं ते तेव्हा. त्याच्या कितीतरी आधीपासून गोवेकर पोटासाठी बाहेर होतेच: मुंबईत, जहाजांवर, आफ्रिकेत. नैरोबी आणि झांझिबारकडे गोवेकर शिंप्यांची चांगली ओळख होती. ही माणसं परत येताना मशीन घेऊन आली. कुणाचं मुलीच्या लग्नात आलं, कुणाचं भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातून उतरलं. मुक्तीनंतर उषा आली आणि घरोघर पसरली. त्यामुळे मुंबई-पुण्यात जे सहसा दिसायचं नाही ते इथे एखाद्या बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या, कोपऱ्यात सापडतं. कुडतरीच्या बाजूला एका घरात मी ओलिव्हा पाहिलं. पोर्तुगालमधल्या सांव जुआंव द मादैरा या गावचं हे मशीन. तिथल्या कारखान्यात १९४८पासून शिलाई मशीनं होऊ लागली. घरचे त्याला अर्थातच सिंगर म्हणत होते. बाजूवर उठावाची अक्षरं होती, पण त्यावर रंगाचा हात फिरलेला. बोट फिरवलं तेव्हा 'ओ' लागला.

ओळखायची सुरुवात कुठून करायची? नावापासून करू नये, एवढं मी ठामपणे सांगते. स्टँडवरच्या नावापासून तर मुळीच नाही. बिडाच्या पायांवर सिंगर असं घडवलेलं असतं आणि वर उषाचं डोकं बसलेलं असतं. पाय टिकतात, डोकी बदलतात. रंगाचंही तसंच. शिंप्यांनी मशीन पुन्हा काळं करून बाजारातली तयार चित्रं चिकटवलेली असतात.

मशीनला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे खालचा दोरा कुठे राहतो. पुढची सरकती पट्टी ओढा आणि आत बघा. खालचा दोरा वाहून नेणारं, होडीच्या आकाराचं, बोटाएवढं लांब शटल निघालं आणि त्यात बारीक लांबट बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, असलं, तर मशीन जुन्या घराण्यातलं. सिंगरच्या २७ आणि २८ नंबरची मॉडेलं अशीच. २७ पूर्ण मापाचं, २८ त्याहून आखूड, आणि पुढे त्यांची सुधारून १२७ आणि १२८ झाली. गोल बॉबिन सुईच्या अलीकडे, पट्टीखाली आडवं पडलेलं दिसलं तर ते ६६, किंवा त्याचं धाकटं भावंड ९९. आणि गोल बॉबिन केसमध्ये बसून डाव्या टोकाला उभं राहत असेल, वरच्या दोऱ्याचं टेन्शनही, म्हणजे दोरा ताणून धरणारी चकती, डाव्या तोंडावरच्या पत्र्यावर असेल, तर ती १५ नंबरची जात. हीच जात नीट ओळखून ठेवावी, कारण आपल्या घरांतली बहुतेक मशीनं याच कुळातली. महायुद्धानंतर जपानने हिचीच नक्कल करून जगभर मशीनं विकली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषाही याच वळणाची. त्यामुळे उषाला सिंगर म्हणणारी आजी कुळापुरती बरोबर असते.

खरंच सिंगर असेल तर पुढचं काम सोपं. बैठकीच्या उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो. त्यावरचा मळ रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा, पॉलिश-पेपर लावायचा नाही. १९००पासून पुढच्या नंबरांआधी अक्षर असतं आणि त्यावरून कारखाना कळतो. 'जी' म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथ. 'सी' म्हणजे जर्मनीतलं विटेनबेर्गे. आपल्याकडे जास्त करून 'वाय' दिसतं, किंवा 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं. ती दोन्ही स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. 'वाय' असेल तर १९२०च्या दशकातलं किंवा त्याला लागून, 'ई'ची जोडी असेल तर त्यानंतरचं. हा कारखाना १८८५च्या सुमारास सुरू झाला आणि १९८०मध्ये बंद पडला. ऐन भरात तिथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडत. कारखाना पाडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगर आहे. ९९के, २०१के या मॉडेल-नंबरांमागचा 'के' किलबोवीचा, म्हणजे याच कारखान्याच्या जागेचा. नंबरावरून निघणारी तारीख मात्र मशीन तयार झाल्याची नसते, नंबरांचा तो गठ्ठा कारखान्याला कधी नेमून दिला त्याची असते. पणजीच्या जन्मसालाशी जुळवून "तिच्या लग्नातलंच!" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. ते मान हलवतात आणि पुढच्या पाहुण्याला लग्नातलंच म्हणून सांगतात.

मग किंमत विचारतात. वर्षाला दहा लाख निघालेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? पण आखातात राहून आलेली एक-दोन माणसं आवाज बारीक करून विचारतात, की यात लाल पारा असतो का. २००९ साली सौदी अरेबियात अशी आवई उठली होती की जुन्या सिंगर मशीनांत लाल पारा नावाचा अनमोल पदार्थ असतो. लोकांनी वाट्टेल त्या किमतीला मशीनं घेतली. असा काही पदार्थ मशीनमध्ये नसतो. आपल्याकडच्या मशीनांत जर काही अनपेक्षित सापडत असेल तर ते खोबरेल. घरात तेल म्हणजे तेच, म्हणून चाक जड फिरू लागलं की दोन थेंब सोडले. काही वर्षांत त्याचा चिकट थर होतो आणि मशीन जाम. "जळालं" म्हणून अडगळीत गेलेली निम्मी मशीनं रॉकेल पाजून, रात्रभर ठेवून, मग मशीनचं पातळ तेल दिलं की सकाळी चालू लागतात.

आता सुई.

सुई म्हणजे टोक आणि नेढं एवढंच आपण बघतो. पण मशीनच्या दृष्टीने तिची वरची बाजू महत्त्वाची. दांडा गोल आहे की एका अंगाने चपटा, किती जाड आहे, आणि दांड्याच्या माथ्यापासून नेढ्यापर्यंत अंतर किती. सुई खाली जाते, तिथून जरा वर उठते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फास सुटतो. त्याच क्षणी शटलचं, किंवा गोल बॉबिनच्या मशीनांत त्याच्या जागी असलेल्या हुकाचं, टोक नेढ्याच्या किंचित वरून त्या फासात शिरतं. टाका पडतो तो इथे. सुई थोडी आखूड असली तर नेढं वर राहतं, हुक खालून निघून जातो आणि टाका सुटतो. लांब असली तर हुकावर आपटते, वाकते, कधी हुकाला चरा पाडते. सुई बदलल्यावर "मशीन बिघडलं" असं वाटतं ते यातून.

घरगुती मशीनांसाठी आज बाजारात सर्रास मिळते ती चपट्या दांड्याची. पाकिटावर १५ × १, किंवा एचए × १, किंवा १३०/७०५ असं काहीही छापलेलं असो, सुई तीच. १५, ६६, ९९, २०१, लांब शटलची २७ आणि १२७, आपली उषा, या सगळ्यांना ती चालते. ओलिव्हालाही चालली. शंभरीच्या आसपासच्या मशीनला आज दुपारी म्हापशात घेतलेली सुई बसते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. गोल दांड्याची डीबी × १ ही टेलरच्या मोठ्या मशीनची. तिचा दांडा १.६२ मिलिमीटर, म्हणजे घरगुती सुईपेक्षा बारीक. मिळाली नाही म्हणून घरच्या मशीनमध्ये हीच कोंबतात, स्क्रू आवळतात, पण ती मधोमध बसत नाही आणि सुईखालच्या पट्टीला घासते. काकांचा "चपटी की गोल" हा प्रश्न यासाठी.

पाकिटावरचा दुसरा आकडा जाडीचा. ११/७५, १४/९०, १६/१००. जोडीतला मोठा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, ९० म्हणजे ०.९०. आपल्याकडे सगळे चौदा नंबर, सोळा नंबर असंच म्हणतात आणि ते पुरतं. मलमलीला अकरा, शाळेच्या गणवेशाला चौदा, जीनला सोळा किंवा अठरा. दोरा आणि सुई जुळते का हे बघायचं असेल तर दोन हातांत दोरा तिरका ताणून त्यावर सुई सोडून बघा. आपोआप घसरली तर ठीक, अडली तर सुई बारीक आहे.

आणि सुई कोणत्या बाजूला तोंड करून बसवायची? सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा, चपटी बाजू तिच्या उलट. पण १५च्या कुळात दोरा उजवीकडून डावीकडे जातो आणि ६६, ९९, २७ यांत डावीकडून उजवीकडे. घरात आधी उषा असेल आणि नंतर काकीचं ९९ आलं, तर हात सवयीने सुई जुन्या बाजूलाच बसवतो आणि ओवतो. एकही टाका पडत नाही. अशी "बिघडलेली" मशीनं मी सुई अर्धं वर्तुळ फिरवून सुरू केली आहेत, आणि चहाबरोबर मिळणारा मान मुकाट्याने घेतला आहे.

दिवाडीच्या एका घरातला प्रसंग याहून अवघड होता. फेरीबोटीतून उतरून, पावसातून गेले. मशीन तपकिरी रंगाचं, झिगझॅगचं, सिंगर ३०६के. घरच्या बाईंच्या यजमानांनी बाहेरून आणलेलं. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी पडदे शिवायला काढलं तर पहिल्याच टाक्याला खाड् असा आवाज. एका दुकानातून "सिंगरची सुई" म्हणून आणलेली सुई वाकून बसली होती. दुसरी लावली, तीही तशीच. बाईंनी ठरवून टाकलं होतं की पाऊस खाऊन यंत्र गेलं. मी पट्टी काढून चष्म्याखाली धरली. तिच्यावरच बारीक अक्षरांत लिहिलं होतं, २०६ × १३ सुई वापरा. हा सिंगरचा वेगळाच नंबर, नेहमीच्या सुईपेक्षा आखूड. २०६, ३०६ आणि ३१९ या मॉडेलांनाच तो लागतो. १५ × १ बसते सहज, आणि आपटते. अशी उत्तरं मशीन स्वतःच्या अंगावर बाळगून असतं आणि ती वाचायला कुणी वाकत नाही, याचा मला शिक्षकी राग येतो. बाईंना मात्र मी तसं काही बोलले नाही. २०६ × १३ आता दुकानात मागून मिळत नाही. मुंबईच्या एका जुन्या सामानवाल्याकडून पाकिट आलं, तोवर फेस्त होऊन गेलं होतं. पडदे नाताळला लागले.

आमच्या हवेत सुया जपणं हेही वेगळं काम आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारा वारा. कागदी पाकिटातली सुई एका पावसाळ्यात तांबूस पडते. डोळ्याला दिसत नाही, पण नखावरून ओढली की खरखरते, आणि दोरा तोडते. मी पत्र्याच्या डब्यात, मशीनच्या तेलाचा हात लावलेल्या फडक्यात ठेवते. डब्याला झाकणाभोवती चिकटपट्टी.

इथे मनातलं एक बोलून घेते. पणजीत हल्ली बिडाच्या पायांवर संगमरवर ठेवून कॉफीची टेबलं करतात. पर्यटक पायडल हलवत बसतात. पाय वाचले म्हणून समाधान मानावं, असं मला सांगतात. पण त्या टेबलासाठी डोकं भंगारात किलोवर गेलेलं असतं, आणि त्यातल्या कित्येकांना हवी होती ती दहा-वीस रुपयांची चपटी सुई आणि रॉकेलची अंघोळ. गांधीजींनी यंत्रांविरुद्ध एवढं बोलूनही सिंगरच्या मशीनला सूट दिली होती. बायको टाके घालून थकते हे बघवेना म्हणून सिंगरने ते केलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर नाटकात कामं करणारा, अनेक संसार मांडलेला आणि वीसहून अधिक मुलांचा बाप असलेला गडी होता. १८५१चं पेटंट त्याने घेतलं ते पैशासाठीच. टोकाजवळ नेढं असलेल्या सुईने अडकटाका (वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकवणारा टाका) घालण्याचं पेटंट एलायस हाऊने त्याच्याआधी, १८४६मध्येच घेतलं होतं, आणि त्याबद्दल सिंगरला पुढे हाऊला पैसे मोजावे लागले. सुईवाला तिथेही वरचढ ठरला, हे मला आवडतं.

सगळ्यांत अडलं होतं ते अलीकडे, डिचोलीच्या एका वाड्यात. बैठक कमरेशी आत वळलेली, लांब शटल, गोल दांड्याची सुई. हे सिंगर १२च्या वळणाचं. मूळ मॉडेल १८६५चं, आणि त्याच्या नकला जर्मनीत इतक्या जणांनी केल्या की नाव गेलेलं असताना अस्सल कोण हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. सुई मात्र ठरलेली: १२ × १. ती नेहमीच्या दुकानांत मिळत नाही. चपटी बाजूच नसल्याने खाच डोळ्याने जुळवून स्क्रू आवळावा लागतो, तेही जमवलं असतं, पण सुई कुठून आणायची? सूनबाई हौशी होती. घरातले सगळे डबे तिने ओट्यावर रिकामे केले: बटणं, हुक, खडू, वाळलेल्या सुपाऱ्या, पोर्तुगीज नाणी. शेवटी मशीनच्याच लाकडी पेटीच्या कप्प्यात, जुन्या रिळाच्या पोकळीत कागदाची सुरळी निघाली. आत तेलात भिजलेल्या कापडात सुया. कुणीतरी, बहुधा आजेसासूनेच, त्या नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही गंजल्या होत्या, काही चकचकीत.

एक बसवली. हाताने चाक फिरवत जुन्या चादरीवर सरळ शिवण घातली. टाका लहान, घट्ट आणि दोन्ही अंगांनी सारखा पडला. सूनबाईने फोनवर व्हिडिओ काढला, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आणि मला विचारलं, "मावशी, यावर झिगझॅग होतो का?"

होत नाही. पिको-फॉलला बाजारातच द्यावं लागेल, असं मी तिला सांगितलं, आणि गोल सुयांचं माप वहीत लिहून घेऊन संध्याकाळची बस पकडली.